बालदी

आमच्या घरी बादली नव्हती, बालदी होती. नालासोपाऱ्यात चाळीपुढे पाण्याचा टँकर आला की आई गॅलरीतून ओरडायची, "निळी बालदी घे गं, लाल गळते." चौथीत निबंधात मी 'बालदी' लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने खोडून 'बादली' केलं. तेव्हापासून घरात बालदी आणि बाहेर बादली असं दुहेरी खातं मी कितीतरी वर्षं चालवलं. पुढे कळलं की दोन्हींचा बाप एकच, पोर्तुगीज 'बाल्दे'. उलट बाईंची शुद्ध बादली हीच मुळात बालदीची अक्षरं मागेपुढे होऊन झालेली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पण बालदी काही परत पाठवता आली नाही.

कोलंबोजवळ देहिवलला मी ज्यांच्या घरी उतरले होते, त्या बाईंच्या नळाला एका सकाळी पाणी आलं नाही. मागच्या अंगणाकडे बोट दाखवत त्या सिंहलीत भराभर काही बोलल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, 'बाल्दिय'. मी म्हटलं, बालदी! मग आमचा खेळच सुरू झाला. पावाला पान्, कपाटाला अल्मारिय, खिडकीला जनेलय, अननसाला अन्नासि. सगळं सामान एकाच गलबतातून उतरलेलं. आकडे मात्र त्या गलबताच्या कितीतरी आधीचे. त्या बोटं मोडत म्हणाल्या, "हत, अट, नवय, दहय", मी म्हटलं सात, आठ, नऊ, दहा, आणि दोघी हसत सुटलो. थोरल्या बहिणीला त्या अक्का म्हणायच्या. इथे मी जरा थांबले. अक्का तमिळांची, कानड्यांची, आणि आमचीही.

चार दिवसांनी याळ देवी गाडीने उत्तरेला, तमिळांच्या जाफन्याला गेले. ही गाडी १९५६ साली सुरू झाली, यादवी युद्धामुळे १९९० पासून ती जाफन्याला पोचेनाशी झाली आणि २०१४ मध्ये पुन्हा पोचू लागली. नल्लूरच्या देवळाजवळ एका निवृत्त कारकुनाच्या घरी मी खोली घेतली होती. त्यांना मी 'ऐया' म्हणायचे. तमिळमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला ऐया. सिंहलीत थोरल्या भावाला अय्या, आणि देहिवलच्या रिक्षावाल्याला मी तेच म्हणत आले होते. परसात विहीर होती. जाफन्याच्या द्वीपकल्पावर बारमाही नदी नाही, खाली चुनखडीचा दगड, सगळा जीव विहिरींवर. विहिरीवर तराजूच्या दांडीसारखा एक लांब ओंडका, त्याला ते 'तुला' म्हणत. आता वापर मोटारपंपाचा, पण ओंडका काढलेला नव्हता.

संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना मोठ्या हौसेने बालदीची गोष्ट सांगितली.

त्यांनी पेला खाली ठेवला. "आम्ही वाळि म्हणतो," ते म्हणाले. "शब्दाच्या सुरुवातीचा ब आमच्या तोंडात नीट बसत नाही. प आणि ब, दोन्हींना आमच्या लिपीत अक्षर एकच." मग बऱ्याच वेळाने सांगितलं. १९८३ च्या जुलैत, तमिळांविरुद्धच्या दंगलीत, कोलंबोत बस अडवून टोळ्या आत चढत आणि उतारूंना हा एक शब्द म्हणायला लावत. बाल्दिय म्हणता आलं तर सिंहली. वाल्दिय म्हटलं तर तमिळ.

ऐया स्वतः अशा एका बसमध्ये होते. पंचविशीत सरकारी नोकरी लागल्यावर ते कोलंबोत एका 'चमरी'त राहिले होते. बिनलग्नाचे कारकून मिळून भाड्याने घर घेत, त्याला तिथे चमरी म्हणतात. सात जण, त्यांतले सहा सिंहली, बालदी एक, आणि रोज सकाळी तिच्यावरून भांडण. शब्द जिभेवर पक्का बसलेला. "मी म्हणालो," ते म्हणाले. "गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो." पुढच्या बाकावरच्या माणसाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पंधरवड्याने निर्वासितांना उत्तरेला नेणाऱ्या बोटीने ते जाफन्याला आले, ते कायमचे.

शाळेच्या इतिहासात आपण 'फोडा आणि झोडा' शिकलो. परीक्षेत तेवढं लिहिलं की दोन गुण मिळायचे. श्रीलंकेला तो साचा लावला की गोष्ट पटकन संपते, इंग्रज वाईट, बाकी सगळे भोळे. माझा त्यावर फारसा विश्वास उरलेला नाही. इंग्रजांनी या दोन लोकांच्या कानात विष ओतलं असं म्हणण्यापेक्षा त्यांनी या बेटाचा हिशेब लिहायला घेतला असं मी म्हणेन, आणि तो ज्या वहीत लिहिला ती वही इथल्याच शिकलेल्या माणसांनी हौसेने पुढे चालवली.

आधी सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. बौद्ध भिक्खूंनी पालीत लिहिलेल्या 'महावंस' या जुन्या ग्रंथात सिंहली राजा दुट्ठगामणी आणि अनुराधपुरावर राज्य करणारा तमिळ राजा एळार यांचं युद्ध आहे. आजही ती कथा सिंहली शाळांत वीरकथा म्हणून शिकवतात. पण तोच ग्रंथ सांगतो की एळार पडल्यावर दुट्ठगामणीने त्याचे अंत्यसंस्कार मानाने केले, स्मारक बांधलं, आणि तिथून जाताना कोणी वाद्य वाजवू नये असा हुकूम काढला. वीरकथा सांगताना हा भाग बहुतेक वेळा घाईने उरकतात.

किंवा कँडीचं राज्य घ्या. शेवटचे चार राजे दक्षिण भारतातल्या नायक घराण्यातले. त्यांतल्याच कीर्ती श्री राजसिंहाने १७५३ मध्ये सयामहून भिक्खू आणवून बेटावर खंडित झालेली उपसंपदा, म्हणजे भिक्खूंची पूर्ण दीक्षा, पुन्हा सुरू केली. म्हणजे आजच्या सिंहली बौद्ध संघाच्या सर्वांत मोठ्या शाखेचं मूळ एका 'परक्या' घराण्याच्या राजाकडे जातं. १८१५ साली कँडी इंग्रजांच्या हाती गेलं ते सिंहली सरदारांनीच राजाविरुद्ध हातमिळवणी केली म्हणून. राजा वेल्लोरच्या किल्ल्यात कैदेत गेला आणि तिथेच वारला.

गोव्याचा धागाही यात आहे. पोर्तुगीजांनी १५६० मध्ये जाफन्यावर स्वारी केली तेव्हा लुटीत त्यांना एक दात सापडला, बुद्धाचा म्हणून पूजलेला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने तो सोडवून घ्यायला मोठी रक्कम देऊ केली. पैसे हवे होते, पण आर्चबिशप अडून बसले, आणि गोव्यात तो दात खलबत्त्यात कुटून, जाळून, राख नदीत टाकण्यात आली. सिंहली बौद्ध म्हणतात तो खरा नव्हताच, खरा कँडीच्या दळदा मंदिरात आहे. मला खऱ्याखोट्यापेक्षा दुसरीच गोष्ट नवलाची वाटते. बुद्धाचा म्हणवला जाणारा दात तमिळ हिंदू राजाच्या राजधानीत सांभाळलेला होता. १६१९ मध्ये जाफन्याचं राज्य संपलं. शेवटचा राजा संकिली, त्यालाही गोव्यालाच नेऊन मारलं.

पोर्तुगीज गेले, डच आले. डचांनी जाफन्यातल्या तमिळांचे जमीन, वारसा, हुंडा यांविषयीचे रिवाज १७०७ मध्ये लिहून काढले. तो 'तेसवळमै' कायदा आजही काही बाबतींत लागू आहे. लिहून काढलेला रिवाज एकदम ताठ होतो, पण तेवढ्याने शेजारी शेजाऱ्याचा वैरी होत नाही.

माझ्या मते कळ फिरली १८३३ मध्ये. तोवर इंग्रजांनी कँडी आणि किनारपट्टी वेगवेगळी चालवली होती. कोलब्रुक आणि कॅमेरॉन या इंग्रज आयुक्तांच्या शिफारशींवरून सगळं बेट एका कारभाराखाली आलं, पाच प्रांत, राजधानी कोलंबो. त्याच वेळी गव्हर्नरच्या सल्ल्याला एक कायदेमंडळ बसवलं. त्यात बिनसरकारी जागा सहा. तीन गोऱ्यांच्या, एक सिंहलीची, एक तमिळाची, एक बर्गरची, म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाच्या माणसाची. एकीकडे बेट कारभारापुरतं सलग एक झालं आणि दुसरीकडे त्याच्या एकमेव बैठकीत बसायचं तर जातकुळी सांगूनच बसायचं. तेव्हा कोणाला वाईट वाटलं नसावं. सिंहली एक, तमिळ एक. डोकी कोण मोजत होतं?

डोकी मोजली १८७१ मध्ये. जनगणनेला आपल्याकडे जुना शब्द आहे, खानेसुमारी. त्यातलं खाना म्हणजे घर, पण मला तो ऐकला की आखलेल्या तक्त्यातला खानाच दिसतो. दर दहा वर्षांनी खाने बदलत गेले. १९११ पर्यंत सिंहलींचे दोन झाले, सखल मुलखातले आणि कँडीकडचे. तमिळांचेही दोन झाले, सिलोनचे आणि भारताचे. माणसं तीच, रेघ नवी.

रेघेला शास्त्राचा आधारही मिळाला. १८३७ मध्ये जॉर्ज टर्नरने महावंसाचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि मठातला ग्रंथ वर्तमानपत्री वादात येण्याजोगा झाला. १८५६ मध्ये रॉबर्ट काल्डवेलने द्राविड भाषांचं व्याकरण लिहून तमिळ वेगळी काढली. मॅक्स म्युलरने तर आइसलँड आणि सिलोनच्या भाषा एकाच आर्य कुळातल्या ठरवल्या. भाषेच्या नात्याचं लगेच रक्ताचं नातं झालं. पुढे अनागारिक धर्मपालांसारखे तळमळीचे सुधारक 'आर्य सिंहली' असं अभिमानाने म्हणू लागले. मिशनऱ्यांनी हिणवलेल्या माणसाला ताठ उभं राहायला काहीतरी हवं होतं हे मला समजतं. पण त्या आर्यपणाला टेकू म्हणून शेजारी एक अनार्य लागतोच.

आता आमच्या गावाची गंमत. महावंसानुसार सिंहलींचा मूळपुरुष विजय. दांडगाईमुळे बापाने त्याला सातशे सोबत्यांसह जहाजात घालून हाकलला. लंकेआधी तो उतरला सुप्पारकाला, म्हणजे आमच्या सोपाऱ्याला! तिथेही त्याच्या लोकांनी धिंगाणा घातला, म्हणून पुन्हा निघावं लागलं. दंतकथाच ती, पण १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी जिथे स्तूप खणला त्या बुरूड राजाच्या कोटावर बसून आम्ही शाळकरी पोरांनी चिंचा खाल्ल्या आहेत, त्यामुळे मला विजयाबद्दल उगाच आपुलकी. तर हा विजय लंकेत पोचला, राजा व्हायचं तर राणी हवी, आणि राणी आणली कुठून? मदुरैहून, पांड्य राजाची मुलगी. सोबत्यांच्या बायकाही तिकडच्याच. शुद्ध आर्य वंशाची वंशावळ ज्या ग्रंथातून सांगतात, त्याच ग्रंथात पहिल्याच पिढीची आई तमिळ मुलखातली आहे. घरात अक्का शब्द कसा आला, याचं उत्तर मला तिथे सापडलं.

(बुद्ध म्हटलं की महाराष्ट्रात बाबासाहेब आठवतात. १९५० मध्ये ते बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. इथे बुद्ध वस्तीतल्या माणसाच्या पाठीशी उभा राहिला. तिथे १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. बुद्ध तोच, पण तिथे तो मला सचिवालयात भेटल्यासारखा वाटला.)

ऐयांच्या घराण्यात तीन पिढ्या कारकून. याचंही कारण जमिनीत आहे. जाफन्याची जमीन कोरडी, शेत लहान, आणि ताडाच्या झाडांवर किती जणांनी जगायचं? १८१६ मध्ये तिथे अमेरिकन मिशनरी आले. १८२३ मध्ये वट्टुक्कोट्टैला त्यांनी विद्यालय काढलं, तिथे इंग्रजीतून गणित, खगोल, सगळं शिकवत. मुलगा इंग्रजी शिकला की कोलंबोत सरकारी टेबल, मलायात रेल्वेची नोकरी, घरी मनिऑर्डर. इंग्रजांनी तमिळांना लाडाने नोकऱ्या वाटल्या असं बेटाच्या सिंहली दक्षिणेत अजून बोललं जातं. मला हा लाडापेक्षा पाण्याच्या दुष्काळाचा आणि शाळेच्या घंटेचा परिणाम वाटतो. पण सिंहली बापाला सरकारी कचेरीत पलीकडे कोण बसलंय एवढंच दिसणार. त्याच वट्टुक्कोट्टैच्या परिसरात १९७६ च्या मे महिन्यात तमिळ पक्षांनी वेगळ्या ईळमचा, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा, ठराव केला.

आणि डोंगरातले तमिळ ते हे नव्हेत. कॉफीच्या मळ्यांसाठी, पुढे कॉफीवर तांबेरा पडल्यावर चहासाठी, कंगाणी नावाच्या मुकादमांनी त्यांना मद्रास इलाख्यातून कर्जात अडकवून आणलं. मन्नारला उतरून रानातून चालत डोंगर गाठायचा, वाटेत किती मेले त्याची मोजदाद नाही. ज्या उतारांवर कँडीकडचे शेतकरी गुरं चारत, ते १८४० च्या कायद्याने सरकारी ठरवून मळेवाल्यांना विकले गेले. जमीन गेली गोऱ्याकडे, पण शेतकऱ्याच्या नजरेसमोर रोज वावरला तो मजूर. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या सुमारे सात लाख लोकांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. गणनेतला १९११ चा तो खाना इथे कामी आला. जाफन्याच्या काही तमिळ पुढाऱ्यांनीही तेव्हा सरकारला साथ दिली. ते मजूर, आम्ही वेल्लाळ, वरच्या मानलेल्या जातीचे. ज्या विहिरींचं मी एवढं कौतुकाने लिहिलं, त्यांवर खालच्या मानलेल्या जातींना दोर सोडू देत नव्हते हेही लिहायला हवं.

पोन्नंबलम रामनाथन या माणसाची गोष्ट मला राहूनराहून आठवते. १९१५ मध्ये सिंहली-मुस्लिम दंगल झाली, इंग्रजांनी लष्करी कायदा लावून सिंहलींवर अत्याचार केले. जाफन्याच्या तमिळ घराण्यातले रामनाथन कायदेमंडळात सिंहलींच्या बाजूने गरजले आणि थेट लंडनला जाऊन दाद मागून आले. परतले तेव्हा कोलंबोत सिंहली लोकांनी घोडे सोडून त्यांची गाडी स्वतः ओढली. त्यांचे भाऊ अरुणाचलम १९१९ मध्ये सिलोन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. दोनच वर्षांनी ते काँग्रेसबाहेर पडले. कशावरून? पश्चिम प्रांतातल्या तमिळांसाठी एका जागेचं आश्वासन पाळलं नाही म्हणून. एका खुर्चीवरून.

१९३१ मध्ये डोनमोर आयोगाच्या शिफारशीने जातवार जागा गेल्या आणि बाईमाणसासकट सगळ्यांना मत मिळालं. आपल्याकडे त्याला अजून वीस वर्षं होती. न्याय म्हणून यात खोट काढता येत नाही. रामनाथन मात्र सर्वांना मत देण्याच्या विरोधात होते, त्यात जातीचा ताठा होताच. पण शंभर वर्षं 'एक तुमचा, एक आमचा' अशी सवय लागलेल्या तमिळांना एका सकाळी कळलं की आपण अल्पसंख्य आहोत. १९३६ मध्ये मंत्रिमंडळ सगळं सिंहली झालं. तमिळ पुढारी जी. जी. पोन्नंबलम सिंहलींना निम्म्या आणि सगळ्या अल्पसंख्यांना मिळून निम्म्या जागा मागू लागले, ते कोणी मान्य करणार नव्हतं.

एवढं होऊनही भाषेचं भांडण आधी इंग्रजीशी होतं. १९४४ मध्ये विधिमंडळात देशी भाषांचा ठराव आला, मूळ मसुद्यात फक्त सिंहली होती, दुरुस्तीने तमिळही घातली गेली. बारा वर्षांनी ऑक्सफर्डला शिकलेल्या, ख्रिस्ती घरात वाढलेल्या बंडारनायकेंनी निवडणुकीसाठी 'फक्त सिंहली'ची हाक दिली. खेड्यातला सिंहली मास्तर, वैद्य, भिक्खू यांना इंग्रजीवाल्यांनी इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांचा राग खरा होता. साहेब तोवर निघून गेला होता, आणि राग फिरला तो साहेबाच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाकडे. डाव्या पक्षाचे कॉल्विन डी सिल्व्हा तेव्हा संसदेत म्हणाले होते की दोन भाषा ठेवाल तर एक देश राहील, एक ठेवाल तर दोन होतील. १९५८ च्या सुमारास गाड्यांच्या नंबरप्लेटवर सिंहली 'श्री' आलं, जाफन्यात त्यावर डांबर फासलं, कोलंबोत तमिळ पाट्यांवर डांबर फासलं. मग दंगल.

१९८३ च्या टोळ्यांकडे मतदारयाद्या होत्या. घर क्रमांक, नाव, नावावरून वंश. १८७१ च्या त्या वहीपासून इथपर्यंत सरळ रेघ ओढता येते असं मी म्हणत नाही, मधे भरपूर माणसांनी भरपूर वेळा दुसरं काही करायचं ठरवता आलं असतं. उलट बाजूलाही तेच. ऑक्टोबर १९९० मध्ये ईळमसाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी उत्तरेतल्या मुसलमानांना घरं सोडायला लावली, जाफन्यात तर दोन तासांची मुदत. त्यांची मातृभाषा तमिळच. त्यांचा उच्चार तपासायची गरजच नव्हती, गणनेत त्यांचा खाना वेगळा होता तेवढं पुरलं.

निघायच्या सकाळी पंप बंद होता, वीज गेलेली. ऐयांनी विहिरीतून पाणी काढून दिलं. तुला कुरकुरली, पण चालली. मी म्हटलं, ठेवा, मी उचलते. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी याला नक्की काय म्हणतात? परत सांगा."

"बालदी."

ते ऐकत राहिले. आणखी एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "तुम्ही घरी पोचला असतात," आणि दोरी सोडायला वळले.